उघडायचा की बदलायचा? जोतिबाच्या घाटातला शॉकअप

संशोधनाचा विषय कुठून मिळतो, असं पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात. माझा विषय मला जोतिबाच्या घाटात मिळाला. तो विषय आहे हे कळायला मात्र दहा वर्षं गेली.

मी अकरावीत असताना काकांकडे महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप होती. चारही चाकांना पाटे, फोर व्हील ड्राइव्ह. आठवडाभर शेतातली आणि डोंगराकडची कामं, रविवारी आणि पौर्णिमेला कोल्हापूर ते जोतिबा वडाप. शहरापासून सतरा-अठरा किलोमीटर अंतर. केर्ली सोडली की चढ सुरू होतो आणि वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर, सुमारे ३१०० फुटांवर, रस्ता संपतो. चैत्र यात्रेच्या आधी एका रविवारी भरलेली जीप घेऊन आम्ही उतरत होतो. एका वळणाआधी रस्ता उखडलेला होता. तिथं जीपचा मागचा भाग उड्या मारायला लागला. काकांनी ब्रेक दाबला, पण जीप सरळच सरकत गेली आणि मागचं चाक कठड्याला घासून थांबलं. कुणाला लागलं नाही. मागं बसलेल्या एका म्हातारीनं "चांगभलं" म्हटलं, तेवढाच आवाज.

ब्रेक चांगले होते. बिघडला होता तो शॉकअप, म्हणजे शॉक अॅब्झॉर्बर. तोवर मला वाटायचं, शॉकअप म्हणजे आरामाची वस्तू. नसला तर फक्त कंबर दुखेल. त्या दिवशी कळलं की हवेत असलेल्या चाकाला ब्रेक लागत नाही. टायर रस्त्याला चिकटवून ठेवणं हे शॉकअपचं खरं काम आहे.

त्यानंतर उद्यमनगरात एका मिस्त्रींकडे जी चर्चा झाली, तीच आज माझ्या प्रबंधाचा गाभा आहे. काकांचं म्हणणं होतं, "मिस्त्री, आता नवीनच टाका." मिस्त्री म्हणाले, "मालक, वर्षात दोनदा सील बदललंय. नवीन टाकला तरी त्योबी फुटणार. आधी का फुटतोय ते बघूया की."

मी केलेली चूक

एम.एस्सी. फिजिक्स झाल्यावर मी तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे वळलो. दुरुस्तीचा इतिहास हा विषय घेतला आणि पहिल्या आराखड्यात बिनधास्त लिहून टाकलं : "सुटे भाग आणि पैसे यांच्या टंचाईमुळे कोल्हापुरात बंद शॉकअप कापून दुरुस्त करण्याचा जुगाड रूढ झाला." मार्गदर्शकांनी त्या वाक्यासमोर एकच शब्द लिहिला : "कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाक्य ऐकायला बरं होतं, सगळ्यांना पटणारं होतं, आणि म्हणूनच मी ते तपासलं नव्हतं. तपासायला बसलो तेव्हा लक्षात आलं की आधी उलटा प्रश्न विचारायला हवा. लोक शॉकअप उघडायला का लागले, हे नंतर. शॉकअप बंद कधी झाला आणि कशासाठी, हे आधी.

शॉकअप मुळात उघडा होता

बैलगाडीला स्प्रिंगच नसते, त्यामुळे शॉकअपची गरज नाही. घोडागाडीला पाटे आले आणि उसळी आली. पण पाट्यांच्या थप्पीत एक पट्टी दुसरीवर घासते, आणि त्या घर्षणात उसळी बऱ्यापैकी जिरते. कमी वेगात तेवढं पुरायचं. मोटारींचा वेग वाढला तसं ते अपुरं पडू लागलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या ट्रुफो यांच्या कल्पनेवरून अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्ड यांनी घर्षणाचे शॉकअप विकायला सुरुवात केली. दोन दांडे, मध्ये चकत्या आणि एक नट. नट आवळला की शॉकअप कडक, सैल केला की मऊ. क्लीव्हलंडच्या क्लॉड फॉस्टर यांनी वेगळी युक्ती केली. त्यांच्या स्नबरमध्ये स्प्रिंग लावलेल्या रिळावर पट्टा गुंडाळलेला असायचा, आणि चाक खाली जाताना तो पट्टा गाडीला ओढून धरायचा. फॉस्टर यांची कंपनी आधी मोटारीचे भोंगे बनवायची. देवदूत गॅब्रियलच्या तुतारीवरून तिचं नाव गॅब्रियल. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

घर्षणाच्या शॉकअपची अडचण फिजिक्सच्या विद्यार्थ्याला लगेच कळेल. कोरडं घर्षण वेगावर फारसं अवलंबून नसतं. त्यामुळे बारीक खड्ड्यात तो अडून बसतो, आणि मोठ्या खड्ड्यात, जिथं जास्त जोर हवा, तिथं कमी पडतो. तेलाचं तसं नाही. छोट्या छिद्रातून तेल जितक्या वेगानं ढकलाल, तितका विरोध वाढतो. फ्रान्सच्याच मॉरिस हुडाय यांनी तेलावर चालणारा फिरत्या पात्यांचा शॉकअप बनवला. १९२८ च्या फोर्ड मॉडेल ए गाडीला हुडाय पद्धतीचे शॉकअप कारखान्यातूनच बसवलेले असायचे. त्यात ग्लिसरीन मिसळलेलं द्रव भरत. कमी झालं की प्लग काढायचा आणि भरायचं.

इथंच माझं पहिलं वाक्य कोसळलं. उघडणं, भरणं, आवळणं हे सगळं शॉकअपच्या मूळ रचनेतच होतं. ते कोल्हापूरनं शोधलं नव्हतं, गरिबीनंही शोधलं नव्हतं.

मग बंद कशासाठी केला?

१९३० च्या दशकात नळीच्या आकाराचा दुर्बिणीसारखा शॉकअप पुढं आला. आत एक नळी, बाहेर दुसरी. आतल्या नळीत दट्ट्या, दट्ट्याला आणि तळाला झडपा, वर दांड्याभोवती सील. दांडा आत शिरला की तेवढं तेल बाहेरच्या नळीत जातं. जड ओतीव भाग नकोत. नळ्या कापायच्या, तेल भरायचं, तोंड दाबून बंद करायचं. हजारोंनी बनवायला हा प्रकार स्वस्त. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला असेच नळीचे शॉकअप होते.

तीच जीप आपल्याकडे आली. १९४५ साली स्थापन झालेली कंपनी १९४८ पासून महिंद्रा अँड महिंद्रा या नावानं ओळखली जाऊ लागली, आणि तिनं मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली. १९६१ मध्ये गॅब्रियल इंडिया सुरू झाली आणि मुलुंडला शॉकअप बनू लागले. म्हणजे भोंग्याच्या कंपनीचं नाव मुंबईपर्यंत पोचलं.

तोंड बंद करण्यात लबाडी होती असं मी म्हणत नाही. सपाट रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा बंद शॉकअप वर्षानुवर्षं टिकतो आणि मालकाला त्याकडे बघावंही लागत नाही. पण बंद करताना कारखाना एक गोष्ट गृहीत धरतो : गाडी कशी वापरली जाईल हे त्याला ठाऊक आहे. जोतिबाचा घाट, भरलेली वडाप आणि जांभ्याची धूळ हे त्या गृहीतकात बसत नाही.

आकडे घेऊन बघू

समजा एका चाकावर रिकाम्या गाडीचे ३०० किलो येतात आणि स्प्रिंगचा कडकपणा मीटरला २५,००० न्यूटन आहे. क्रांतिक अवमंदनासाठी लागणारा गुणांक २√(km), म्हणजे सुमारे ५,४८० न्यूटन-सेकंद प्रतिमीटर. त्याच्या तीस टक्के, म्हणजे साधारण १,६४० चा शॉकअप बसवला, तर एका बाजूला १० सेंमी उसळलेली गाडी दुसऱ्या बाजूला सुमारे ३.७ सेंमी जाईल. चांगलं आहे.

आता माणसं भरा. त्याच चाकावर ५०० किलो. शॉकअप तोच, पण प्रमाण तीसवरून तेवीस टक्क्यांवर येतं आणि उलटी उसळी ४.७ सेंमी होते. त्यात अर्धं तेल गळलं आणि शॉकअपचा जोर निम्मा झाला, की तीच उसळी जवळपास ७ सेंमी. पाट्यांचं घर्षण यात धरलेलं नाही, तरी दिशा स्पष्ट आहे. शिवाय शॉकअप जी ऊर्जा जिरवतो तिची उष्णता होते, तेल पातळ होतं, हवेत मिसळून त्याचा फेस होतो. फेस छिद्रातून सहज निघून जातो. घाटाच्या वरच्या वळणाला ठीक वाटणारी गाडी खालच्या वळणाला उड्या का मारते, याचं हे एक कारण. हा फेस टाळण्यासाठीच फ्रान्सच्या द कार्बाँ यांनी तरंगत्या दट्ट्यामागं नायट्रोजन भरलेला एकनळी शॉकअप बनवला, आणि १९५७ पासून बिलस्टाइन कंपनीनं तो मर्सिडीजला पुरवला.

मिस्त्रींनी काय शोधलं

मिस्त्रींनी शॉकअपचं तोंड लेथवर कापलं, आत चुडी पाडली आणि वर नट बसेल असं केलं. म्हणजे तो परत उघडता येईल असा झाला. तेल मापानं ओतलं. दांड्यावर गुलाल आणि तेल यांचा लाल चिकट थर होता. मला वाटलं, हीच धूळ सील खाते. मिस्त्रींनी मान हलवली. "ती खातीय, पर हळूहळू. ह्यो एकदम फाटलाय."

त्यांनी मला दट्ट्याची वरची कड दाखवली. ठोके बसून ती चकचकीत झाली होती. मग जीपच्या पाट्यांकडे बोट केलं. वडापसाठी काकांनी जादा पाटा घातला होता. गाडी दोन बोटं उंच झाली होती, शॉकअप मात्र जुन्याच लांबीचा. प्रत्येक मोठ्या खड्ड्यात चाक खाली लटकलं, की शॉकअप पूर्ण ताणला जाऊन आतल्या आत आपटायचा. सील कितीही चांगलं घातलं तरी फाटणारच होतं. नवीन शॉकअपही त्याच लांबीचा आणला असता, तर तोही गेला असता.

"शिकतोस न्हवं, मग मोज की," म्हणाले. मी मोजलं. जॅक लावून चाक पूर्ण लटकू दिलं आणि दोन्ही बुशांमधलं अंतर घेतलं. मग रबरी ठोकळ्याला अॅक्सल टेकेल अशा स्थितीत पुन्हा घेतलं. शॉकअप पहिल्या मापापेक्षा थोडा जास्त उघडणारा आणि दुसऱ्यापेक्षा थोडा जास्त मिटणारा हवा. जोर किती हे त्यानंतर ठरवायचं. शेवटी लांब शॉकअप घेतले, नवे. तेही पुढं मिस्त्रींनी दोनदा उघडले, पण सील फाटलं म्हणून नाही; काकाच म्हणायचे, तेल बदलून घेऊ.

म्हणजे "उघडायचा की बदलायचा" या वादात दोघंही बरोबर होते. बदलायला हवाच होता, पण काय बदलायचं ते उघडल्याशिवाय कळलं नसतं.

एक इशारा. हे जुन्या, दाब नसलेल्या तेलाच्या शॉकअपबद्दल आहे. एकनळी गॅसच्या शॉकअपमध्ये हवेच्या दाबाच्या वीस-पंचवीसपट दाब असतो. तो कापायला जाऊ नका.

जुगाड हा शब्द मी का खोडला

१९६७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात वाळवंटी शर्यत सुरू झाली. तिथं शॉकअप तापून निकामी व्हायचे. पुढं अशा शर्यतींसाठी नट काढून उघडता येणारे, झडपेच्या चकत्या बदलता येणारे, बाहेर तेलाची वेगळी टाकी असलेले शॉकअप बनले. आज हौशी ऑफरोडवाले तेच शॉकअप महागात विकत घेतात, आणि 'पुन्हा बांधता येतो' हा त्याचा गुण म्हणून छापलेला असतो. उद्यमनगरात लेथवर पाडलेल्या चुडीचं काम वेगळं नव्हतं. दर्जा सारखा होता असा दावा मी करत नाही. विचार सारखा होता. वापर खडतर असेल, तर वस्तू उघडता आली पाहिजे.

कोल्हापूरला हा विचार नवा नाही. बाबुराव पेंटरांनी याच शहरात स्वतः कॅमेरा बांधला आणि १९२० चा 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्याला आपण जुगाड म्हणत नाही. मग शॉकअपला का म्हणतो? एकाचं नाव पुस्तकात आहे, दुसऱ्याचं फक्त गॅरेजच्या पाटीवर. हा फरक कामातला नाही, नोंदीतला आहे.

संशोधनाला लागणाऱ्यांना माझ्या अनुभवातून दोनच गोष्टी सांगतो. पहिली : विषयाच्या नावातच निकाल दडलेला नाही ना, ते बघा. 'टंचाई', 'जुगाड', 'मागासलेपण' हे शब्द पुरावा गोळा करण्याआधीच निर्णय देऊन टाकतात. दुसरी : कागद नसतील तर वस्तू वाचा. त्या दट्ट्याच्या चकचकीत कडेवर जे लिहिलं होतं, ते कुठल्याही रजिस्टरमध्ये नव्हतं.

माझ्या आराखड्यातलं ते वाक्य आता असं आहे : "कारखान्यानं गृहीत धरलेला वापर आणि घाटातला वापर यांतली तफावत दुरुस्तीच्या कामातून कशी उघड झाली, याचा हा अभ्यास आहे." लांबलचक आहे, ऐकायला तितकं बरंही नाही. पण परवा मार्गदर्शकांनी ते वाचलं आणि समोर काहीच लिहिलं नाही. पीएच.डी.त याला शाबासकी म्हणतात.