हसलं की पाय गळणारी माणसं

आज नेहमीचे किल्ले आणि बखरी बाजूला ठेवून झोपेबद्दल लिहितोय. झोपेलाही इतिहास आहे आणि तो चांगलाच रंगतदार आहे. मी विज्ञानाचा माणूस नाही. आयुष्यभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. त्यामुळे डॉक्टर भाचीला विचारून विचारून हे समजून घेतलंय. (ती हे वाचणार आहेच, तेव्हा जपून लिहितो.)

जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला डुलक्या घेणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. बहुतेकांचं कारण उकाडा आणि भरलेलं पोट. पण क्वचित एखाद्याला पहिल्या तासालाही झोप आवरत नाही, मित्रांमध्ये हसता हसता त्याच्या हातातली वही गळून पडते. त्याला 'कुंभकर्ण' म्हणून आपण मोकळे होतो. खरं तर ही उपमाच चुकीची आहे. या आजारात चोवीस तासांची एकूण झोप साधारण इतरांइतकीच असते, फक्त तिचे तुकडे झालेले असतात. रात्रीही धड झोप नाही आणि दिवसाही धड जाग नाही.

या आजाराला नाव दिलं १८८० साली जेलिनो नावाच्या फ्रेंच डॉक्टराने. ग्रीक शब्दांवरून 'नार्कोलेप्सी', म्हणजे बधिरतेने पकडणं. त्याचा रोगी दारूच्या पिंपांचा व्यापारी होता. दिवसातून दोनशेपर्यंत वेळा त्याला झोप यायची. पत्ते खेळताना चांगली पानं आली की आनंदाने याचे हातपाय लुळे पडायचे! रस्त्यात झोप लागली तर जागं करायला मुलाला बरोबर घेऊन फिरावं लागे. हसू किंवा आनंद आला की अंगातलं बळ जातं, पण शुद्ध मात्र असते. त्याला आता कॅटाप्लेक्सी म्हणतात. आनंदाचीच भीती वाटावी असा हा आजार.

पुढे बरीच वर्षं काही मानसतज्ज्ञ यामागे दडपलेल्या इच्छा शोधत बसले. खरा धागा मात्र व्हिएन्नात सापडला होता. १९१६-१७ च्या हिवाळ्यात तिथे मेंदूच्या सुजेची एक विचित्र साथ आली. काही रोगी झोपून राहात, काहींना झोपच येत नसे. फॉन इकोनोमो या डॉक्टराने (हा गृहस्थ विमानही चालवायचा) मृतांचे मेंदू तपासले. झोपाळू रोग्यांच्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाच्या भागाच्या मागच्या बाजूला इजा होती, निद्रानाश झालेल्यांच्या पुढच्या बाजूला. नार्कोलेप्सीचं मूळही इथेच असावं, असं त्याने लिहून ठेवलं. सूक्ष्मदर्शक आणि तर्क एवढ्याच भांडवलावर! १९३१ मध्ये तो गेला आणि पुरावा मिळायला आणखी जवळजवळ सत्तर वर्षं लागली.

तो पुरावा दिला कुत्र्यांनी. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात विल्यम डिमेंट यांनी १९७० च्या दशकात हा आजार असलेली कुत्री जमवली. त्यांतल्या काही डॉबरमन आणि लॅब्रॅडॉर कुत्र्यांत तो पिढीजात होता. आवडीचा खाऊ समोर ठेवला की ती आनंदाने धावत यायची आणि मध्येच कोसळायची. १९८० च्या दशकात तिथे आलेल्या एमान्युएल मिन्यो या फ्रेंच संशोधकाने यामागचा जनुक शोधायचं मनावर घेतलं. कुत्र्याच्या जनुकांचा नकाशाही तेव्हा तयार नव्हता. दहा वर्षं लागली त्याला.

इकडे १९९८ साली मेंदूतलं एकच रसायन दोन गटांना एकमेकांच्या नकळत सापडलं. कॅलिफोर्नियातल्या दे लेसेआ आणि सहकाऱ्यांनी त्याला 'हायपोक्रेटिन' म्हटलं. डॅलसमध्ये यानागिसावा आणि साकुराई यांना ते टोचल्यावर उंदीर जास्त खातात असं दिसलं, म्हणून त्यांनी भुकेच्या ग्रीक शब्दावरून नाव ठेवलं 'ओरेक्सिन'. म्हणजे बारसं भुकेच्या नावाने झालं आणि मोठं काम निघालं जागेपणाचं! ओरेक्सिन नसलेले उंदीर यानागिसावांच्या गटाने तयार केले आणि रात्री अंधारात दिसणाऱ्या कॅमेऱ्याने टिपले. उंदीर पळता पळता एकदम कोलमडत होते. ऑगस्ट १९९९ मध्ये कुत्र्यांचा आणि उंदरांचा, असे दोन्ही निष्कर्ष पाठोपाठ प्रसिद्ध झाले. कुत्र्यांत ओरेक्सिन होतं, पण ते ज्या कुलपात बसतं ते कुलूपच बिघडलेलं होतं.

माणसाचा उलगडा २००० साली झाला. नऊ रोग्यांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं, तर सात जणांत हे रसायन सापडलंच नाही. मृत रोग्यांच्या मेंदूत ते बनवणाऱ्या बहुतेक पेशी नाहीशा झालेल्या होत्या. म्हणजे आपल्यात कुलूप शाबूत, किल्लीच हरवलेली. या पेशी मुळात असतात फक्त ७० हजारांच्या आसपास. मेंदूत एकूण सुमारे ८६०० कोटी! माझ्या भाषेत सांगायचं तर त्या वर्गाच्या मॉनिटर आहेत. जागं ठेवणाऱ्या इतर पेशींना त्या कामाला लावतात. मॉनिटर नसला की जाग आणि झोप यांची सरमिसळ होते. स्वप्न पडताना शरीर जसं लुळं असतं, तसं ते भर दिवसा होतं.

या पेशी मारतं कोण? बहुधा आपलीच प्रतिकारशक्ती. २००९-१० मध्ये स्वाइन फ्लूची एक विशिष्ट लस घेतलेल्या फिनलंड-स्वीडनमधल्या मुलांत हा आजार वाढलेला दिसला. चीनमध्ये मात्र लस न घेतलेल्यांतही, फ्लूच्या लाटेनंतर तो वाढला. त्यामुळे यावरून सरसकट लसींना नावं ठेवू नयेत, असं माझं मत.

तोवर व्यापाऱ्यांनीही हे ज्ञान उचललंच. ओरेक्सिनचं काम अडवणारी झोपेची गोळी २०१४ साली अमेरिकेत मंजूर झाली. निद्रानाशवाल्यांची सोय आधी झाली! झोपाळूंसाठी नकली किल्ली बनवायला जास्त वेळ लागला. पहिल्या एका गोळीची चाचणी यकृतावर परिणाम दिसल्यामुळे २०२१ मध्ये थांबवावी लागली. तिच्या पुढच्या गोळीचे चांगले निष्कर्ष २०२५ मध्ये आले. मिन्यो आणि यानागिसावा यांना २०२३ चा ब्रेकथ्रू पुरस्कारही मिळाला.

हा आजार बहुतेकदा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो आणि ओळखला जाईपर्यंत कित्येक वर्षं जातात. ती वर्षं 'आळशी' हे नाव घेऊन काढायची. तेव्हा घरात किंवा वर्गात असं कुणी असेल, विशेषतः हसताना गुडघे गळणारं, तर त्याला मेंदूच्या डॉक्टरकडे न्या.

आणि ज्या डॉबरमन कुत्र्यांमुळे हे सगळं कळलं, त्यांना मात्र ही नवी गोळी चालली नसती. त्यांचं कुलूपच मोडकं होतं ना.