गार्ड कोणाला वाचवतो? गाडीला की पायाला?

मंडळी, आपल्या तोंडवलीत नवीन मोटारसायकल आली, हार-नारळ झाला की पहिला प्रश्न ठरलेला: "गाडयेक गार्ड घातलंस काय रे?" हेल्मेटचं मात्र कोणी विचारत नाही. ही सवय लागली कुठून, ते जरा मागे जाऊन बघूया.

माझ्या मते आपल्याकडे गार्डची आवड रुजवली ती स्कूटरने. १९७२ मध्ये बजाज ऑटोची चेतक आली. पुण्याजवळ आकुर्डीच्या कारखान्यात बनणारी, सगळी बॉडी पत्र्याची. इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला, फुगीर पत्र्याच्या झाकणाखाली. गाडी आडवी झाली की पहिला मार त्या पत्र्याला. त्यात लायसन्स-परमिटचा काळ, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. अशी मिळालेली गाडी पोचली की माणूस हळहळायचा. म्हणून पुढे-मागे, दोन्ही अंगाला चकचकीत गार्ड. हिशोब सरळ होता: पत्रा वाचवायचा.

मग १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर, २००१ मध्ये पल्सर. स्कूटर गेली, गार्डची सवय राहिली. पण मोटारसायकलची रचनाच वेगळी. बीएमडब्ल्यूच्या १९२३ पासूनच्या बॉक्सर गाड्यांत सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असतात, तिथे इंजिन गार्डला खरा अर्थ आहे. आपल्या एका सिलिंडरच्या गाडीत सिलिंडर मधोमध असतो. बाहेर येतात ते गिअरचा लिव्हर, ब्रेकचा पेडल, फूटरेस्ट आणि इंजिनची बाजूची झाकणं. तरी झाकण फुटून ऑइल गळालं किंवा लिव्हर वाकला तर गाडी तिथेच थांबते, हेही खरं.

आता पायाचं बोलू. अमेरिकेत ह्यू हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. १९८१ च्या त्या अहवालात गार्डबद्दल स्पष्ट निष्कर्ष आहे: पावलाच्या आणि घोट्याच्या जखमा कमी होतात, पण गुडघा, नडगी आणि मांडीच्या तेवढ्याच वाढतात. म्हणजे जोरात धडक बसली तर गार्ड पाय वाचवत नाही, जखमेची जागा बदलतो. हेल्मेट डोकं वाचवतं, हे मात्र त्याच अहवालात ठाम सांगितलंय.

आपला कायदाही बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३ वा नियम मागे बसणाऱ्यासाठी धरायला हँडल, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाला निम्मं तरी झाकणारं संरक्षण मागतो. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. इंजिन गार्डची सक्ती त्यात नाही. उलट डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बाहेरून बसवलेल्या क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला राज्यांना कळवलं. चर्चा मुख्यतः चारचाकींची झाली, पण लोखंड वेल्ड करून गाडीची रचना बदलायची नाही, हा धडा सगळ्यांनाच.

मग आपल्याकडे गार्ड घालायचा की नाही? एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे अरुंद रस्ता. समोरून गाडी आली की कडेला उतरायचं, आणि वाळूत चाक सरकतं. हे पडणं हळू वेगाचं. त्यात गार्ड उपयोगी पडतो, गाडीखाली पाय अडकण्याचा धोकाही थोडा कमी होतो. म्हणून जरूर घाला. पण कंपनीचा, फ्रेमला घट्ट बसणारा, हँडलपेक्षा जास्त बाहेर न येणारा. आणि खाऱ्या वाऱ्याने क्लॅम्प नि बोल्ट गंजतात, ते दर पावसाळ्यानंतर तपासा. गंजलेला गार्ड आयत्या वेळी गाडी सावरत नाही.

पण पैसे एकाच गोष्टीला असतील तर आधी आयएसआय हेल्मेट, मग चांगले टायर, मग गार्ड. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट नसलेले मृत ५०,०२९.

चेतकच्या काळात गाडी मिळायला वर्षं लागायची, म्हणून आपण गाडीला जपायला शिकलो. आता गाडी दुसऱ्या दिवशी मिळते. माणूस मिळत नाही. पुढच्या वेळी कोणाची नवीन गाडी दिसली की गार्डच्या आधी हेल्मेटचं विचारूया. पटलं तर घरातल्या पोरांना वाचायला द्या.