बिदरीची नक्षी : हातातून हाताकडे

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात बिदरी कामाच्या वस्तूंचे एक स्वतंत्र दालन आहे. हुक्क्याची बुडे, सुरया, पानदाने, पिकदाण्या अशा घरगुती वस्तू तेथे मांडलेल्या आहेत. काळ्याभोर धातूवर चांदीची वेलबुट्टी पाहून प्रेक्षक क्षणभर थबकतो. ही आकृती त्या कठीण पृष्ठावर प्रथम उतरली कशी आणि पिढ्यान् पिढ्या टिकली कशी, हा प्रश्न मात्र थोड्यांच्याच मनात येतो. श्रोतेहो, आज त्या प्रश्नाचाच थोडा विचार करू.

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहा वली बहमनी याने राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला नेली. त्याच सुमारास इराणकडील कारागिरांबरोबर ही कला दख्खनेत आली, अशी परंपरा सांगितली जाते. परंतु आज उपलब्ध असलेली जुनी भांडी बहुतेक सतराव्या शतकापासूनची आहेत. त्यामुळे परंपरा आणि पुरावा यांतील अंतर ध्यानात ठेवलेले बरे. बहमनी गेले, बरीदशाही आली. पुढे मोगल आणि त्यांच्यामागून निजाम आले. राज्ये पालटली तरी कारागिराची छिन्नी थांबली नाही. मोगलांच्या काळात खसखशीचे फूल नक्षीत शिरले, अशर्फीची बुट्टी लोकप्रिय झाली. १८५१ साली लंडनच्या जागतिक प्रदर्शनात बिदरी वस्तू मांडल्या गेल्या आणि परदेशांतील लोकांचेही लक्ष तिकडे वेधले.

आता कृती पाहू. जस्तात थोडे तांबे मिसळून मातीच्या साच्यात भांडे ओततात. साधारणपणे सोळा भाग जस्ताला एक भाग तांबे असे प्रमाण सांगतात. भांडे कानशीने घासून गुळगुळीत केल्यावर त्यावर मोरचुदाचे पाणी चोळतात. त्याने पृष्ठ तात्पुरते काळे पडते. फळ्यावर खडूने लिहावे तशी या काळ्या पृष्ठावर अणकुचीदार सळईने काढलेली रेघ उठून दिसते. लाकडावर नक्षी कोरणारा कारागीर पुष्कळदा कागदावरची आकृती शाईच्या कागदाने खाली उतरवून घेतो. बिदरीचा कसबी कारागीर मात्र बहुधा नुसत्या हातानेच वेल रेखाटतो. सुरईचा फुगीर पोटाचा भाग आणि तिची निमुळती मान यांवर एकच वेल विस्कटू न देता चढवणे हे डोळ्याचे आणि सरावाचे काम आहे.

मग छिन्नीने रेघा कोरून त्यांत चांदीची तार ठोकून बसवतात. या प्रकाराला तारकशी म्हणतात. पाकळी मोठी असेल तर चांदीचा पातळ पत्रा लागतो. त्यासाठी जुने कारागीर एक साधी युक्ती करीत. कोरलेल्या खोबणीवर पातळ कागद दाबून तिचा ठसा घ्यायचा आणि त्या ठशाबरहुकूम पत्रा कापायचा. म्हणजे येथे आकृती कागदावरून धातूवर जात नाही. धातूवरून कागदावर आणि कागदावरून चांदीवर जाते.

अखेरीस भांडे किंचित तापवून नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातील माती यांच्या मिश्रणाने चोळतात. जस्त काळे होते, चांदी तशीच उजळ राहते. ही माती किल्ल्याच्या जुन्या, ऊनपाऊस न लागलेल्या भागातली असावी लागते. जाणते कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. शेवटी तेलाचा हात फिरवला की काळा रंग खुलतो.

मोरचुदाचा काळा रंग नाहीसा होतो, कच्ची रेघ छिन्नीखाली जाते. म्हणजे मूळ रेखाटन कोठेच उरत नाही; ते उरते कारागिराच्या बोटांत. म्हणून ही कला पुस्तकात साठवता येत नाही. शिकणारा मुलगा वर्षानुवर्षे उस्तादाजवळ बसला नाही, तर एक अख्खी वेल त्या घरातून कायमची जाते.

१९४८ नंतर निजामाचे राज्य संपले, जहागिरी गेल्या आणि हुक्के-पानदाने मागवणारे आश्रयदातेही गेले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बिदर म्हैसूर राज्यात गेले आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. एकाच कलेची दोन गावे दोन राज्यांत विभागली गेली. कारागिरांनी मग फुलदाण्या, डब्या, गुंड्या, कर्णभूषणे घडवून नवा गिऱ्हाईक शोधला. २०२३ साली बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री देण्यात आली, हा या श्रमांचा उचित गौरव होय.

परंतु सन्मानाने एका घरातील दिवा उजळतो. शेजारच्या घरांत तेल कोण घालणार? चांदी महाग झाली आहे आणि कष्टाच्या मानाने मिळकत थोडी. संग्रहालयाच्या काचेमागे भांडे सुखरूप राहील, नक्षी राहणार नाही. तिला घ्यायला दुसरा हात हवा, आणि तो हात पुढे यायचा तर त्याच्या श्रमाचे मोल देणारे गिऱ्हाईकही हवे. विकत घेताना घासाघीस करण्यापूर्वी त्या रेघेमागची वर्षे आठवावीत, एवढीच विनंती.