तलवारीचे बळ : नशिबाचे की कारागिराचे?

ऑनलाइन खेळांत शस्त्रावर मंत्र चढवून त्याचे बळ वाढवता येते. ‘रॅग्नारोक ऑनलाइन’मध्ये तर ठरावीक पायरीपुढे हा प्रयत्न फसला की शस्त्रच नष्ट होते. भिवंडीतल्या मुलांकडून हे ऐकले, तेव्हा मला प्रश्न पडला : आपल्याकडे शस्त्राचे बळ कसे वाढवत?

१६५७ मध्ये शिवरायांनी कल्याण-भिवंडी घेतली. त्या काळी दख्खनेत ‘फिरंग’ तलवार मानाची होती. पाते युरोपातून आलेले, लांब आणि सरळ. मूठ मात्र इथल्या कारागिराची. ती हाताला आडोसा देई आणि तिच्या टोकाची दांडी दुसऱ्या हाताने धरून घाव जोरात घालता येई. पाते तेच, बळ वाढलेले. ते गमावण्याचा जुगार नाही.

श्रद्धेचा थर याच्यावर चढला. परमानंदांच्या ‘शिवभारता’त देवी शिवरायांच्या तलवारीत वास करते. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते, आणि भिवंडीत यंत्रमागालाही झेंडूची माळ पडते. त्याच मागावर डॉबी किंवा जॅकार्ड बसवले की साध्या मागाला न जमणारी नक्षी उतरते. मंत्र माळेत असेल. नक्षी जोडणीतून येते.

म्हणून खेळ रचणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच : प्रयत्न फसला तर माल आणि मेहनत वाया जावी, शस्त्र नव्हे. बळ फाशांनी ठरू नये. ते कारागिराच्या कौशल्याने आणि धन्याच्या वापराने वाढावे. नशिबाने मिळालेली तलवार कुणाचीही असते. घडवलेली तलवार आपली होते.