पात्राशची निष्ठा

करुण कथा वाचून डोळे पाणावले की आपण मनातून थोडे ओशाळतो. कल्पित माणसासाठी रडणे एक वेळ क्षम्य. परंतु कल्पित कुत्र्यासाठी रडणे प्रौढास शोभत नाही, असा आपला समज असतो. उईदा या इंग्रज लेखिकेची १८७२ साली प्रसिद्ध झालेली ‘अ डॉग ऑफ फ्लँडर्स’ ही छोटेखानी कादंबरी एका रात्री वाचून संपवली, तेव्हा माझी तीच अवस्था झाली. पुढे त्या कथेमागचा इतिहास कळत गेला, आणि संकोच उरला नाही.

कथा अँटवर्पजवळच्या खेड्यातली आहे. धन्याने राबवून मरणोन्मुख स्थितीत रस्त्याकडेला टाकलेल्या पात्राशला एक वृद्ध शिपाई व त्याचा पोरका नातू नेल्लो वाचवतात. पुढे तो आपण होऊन त्यांच्या दुधाच्या गाडीला खांदा देतो. नेल्लोला चित्रकार व्हायचे असते. पण कॅथेड्रलमधील रूबेन्सची दोन चित्रे पडद्याआड असतात, आणि पडदा सरकवण्यास लागणारे नाणे त्याच्यापाशी नसते. आजोबा जातात, आगीचा खोटा आळ येतो, झोपडी सुटते. नाताळच्या आदल्या रात्री बर्फात सापडलेली गिरणीवाल्याची पैशांची थैली नेल्लो परत करतो, कुत्र्याला तेथेच उबेत ठेवून एकटा निघून जातो. पात्राश संधी साधून निसटतो व माग काढीत कॅथेड्रल गाठतो. चांदण्यात चित्रे क्षणभर दिसतात. सकाळी दोघेही मृत आढळतात.

गाडी ओढणारा कुत्रा ही लेखिकेची कल्पना नव्हे. इंग्लंडमध्येही अशा गाड्या होत्या. लंडनपुरती त्यांना १८३९ च्या कायद्याने बंदी झाली, आणि १८५४ मध्ये ती देशभर लागू झाली. बेल्जममध्ये मात्र ही प्रथा विसाव्या शतकातही चालू राहिली. पहिल्या महायुद्धात तेथील सैन्याच्या मशीनगनसुद्धा कुत्र्यांनी ओढल्या. म्हणजे पात्राश एकटा नव्हता. नाव न मिळालेले असंख्य पात्राश त्या रस्त्यांवर राबत होते.

उईदेचे खरे नाव मारिया लुईझ रामे. जन्म १८३९ चा, म्हणजे लंडनमधील त्या कायद्याच्याच सालचा. लेखणीवर तिने अमाप पैसा मिळवला, तसाच उधळला. कुत्र्यांवर तिची अतोनात माया होती, आणि मुक्या जनावरांच्या छळाविरुद्ध ती सतत लिहीत राहिली. १९०८ साली इटलीतील व्हियारेज्जो येथे ती दारिद्र्यात वारली. तिच्या समाधीवरील शिल्पात तिच्या पायांशी कुत्रा आहे. त्याच वर्षी कादंबरीचा जपानी अनुवाद निघाला, आणि १९७५ च्या दूरचित्रवाणी मालिकेने ती कथा जपानच्या घराघरांत पोचवली. जपानी प्रवासी शोध घेत येऊ लागले, तेव्हा कोठे अँटवर्पकरांना आपल्या गावच्या या कथेची खरी ओळख झाली. १९५९ च्या अमेरिकन चित्रपटाने मात्र शेवट सुखान्त करून टाकला.

तो बदल मला अन्यायाचा वाटतो. आपल्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारतो, आणि कुत्रा अखेर साक्षात धर्म ठरतो. येथे पात्राश मुलासाठी चुलीची ऊब नाकारतो, आणि अखेरपर्यंत कुत्राच राहतो. त्याच्यासाठी विमान येत नाही. गावकऱ्यांना पश्चात्ताप होतो, तोही उशिरा. निदान वाचकाने तरी त्याच्यासाठी डोळे पुसावेत, आणि त्याची लाज बाळगू नये.