केस कापायला न शिकवणारी शाळा

एप्रिल 2022 मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने सुमारे 28 हजार लोकांचं शैक्षणिक कर्ज माफ केलं. रक्कम होती जवळपास 23 कोटी 80 लाख डॉलर. हे सगळे एकाच ब्यूटी स्कूलचे माजी विद्यार्थी होते. शाळेचं नाव मॅरिनेलो. माफीचं कारण सांगताना खात्याने जे म्हटलं ते वाचून आधी हसू येतं, मग येत नाही. ही शाळा सौंदर्यशास्त्र शिकवायचे पैसे घेत होती आणि मुलींना केस कापण्यासारख्या मूळ गोष्टीही धड शिकवत नव्हती. कित्येक वर्गांना आठवडेच्या आठवडे शिक्षकच नसायचा.

शाळा त्याआधीच, फेब्रुवारी 2016 मध्ये, बंद पडली होती. सरकारी मदत थांबली आणि पन्नासहून अधिक शाखांना एकदम कुलूप लागलं. मुलींच्या हातात अर्धवट तास आणि पूर्ण कर्ज राहिलं. कॅलिफोर्नियात तेव्हा लायसन्ससाठी 1600 तासांचं प्रशिक्षण लागायचं. ज्यांचे हजार-बाराशे तास भरले होते, त्यांनी कुठे जायचं?

अशी शाळा कुणा एका लबाड माणसाच्या डोक्यातून निघत नाही. तिचा साचा सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे. 1893 साली शिकागोत ए. बी. मोलर नावाच्या माणसाने न्हाव्यांसाठी शाळा काढली. अमेरिकेतली अशी पहिली शाळा म्हणून तिचं नाव घेतात. तोवर हा धंदा उस्तादाच्या हाताखाली राहून शिकायचा होता. वर्षानुवर्षं फरशी पुसायची, पाणी तापवायचं, मग कधीतरी वस्तरा हातात यायचा. मोलर म्हणाला, हे काही आठवड्यांत शिकवतो, पण फी द्या. सरावासाठी गिऱ्हाईक हवं, म्हणून स्वस्तात दाढी आणि केस कापून देण्याची सोय केली. शाळेला पैसा आता दोन्हीकडून मिळू लागला, शिकणाऱ्याकडून फी आणि खुर्चीत बसणाऱ्याकडून दर. चार वर्षांनी, 1897 मध्ये, मिनेसोटा राज्याने न्हाव्यांना लायसन्स सक्तीचं केलं. पुढे एकेका राज्यात तसे कायदे आले, त्यांत तास मोजणं आलं आणि तास विकणाऱ्या शाळांची भरभराट झाली.

याच व्यवसायाने काही बायकांना उभंही केलं, हेही सांगायला हवं. मॅडम सी. जे. वॉकर यांनी 1908 साली पिट्सबर्गमध्ये लेलिया कॉलेज काढलं. त्या काळात काळ्या बाईला मिळणारं काम म्हणजे बहुधा दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी. तिथे हातात स्वतःचा धंदा देणारी शाळा ही मोठी गोष्ट होती. म्हणून पार्लरच्या कोर्सची टिंगल करणाऱ्यांचा मला राग येतो. मुली तिथे वेड्या म्हणून जात नाहीत. कमी पैशात आणि कमी वेळात, घरच्या ओटीवर सुरू करता येईल असं दुसरं फारसं काही त्यांच्यासमोर ठेवलेलंच नसतं.

मॅरिनेलोच्या काही विद्यार्थ्यांनी कोर्टात एक साधा सवाल केला होता. आम्ही शाळेच्या सलूनमध्ये पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांची कामं केली, साफसफाई केली. मग आम्ही कामगार नाही का? आम्हाला किमान वेतन का नाही? डिसेंबर 2017 मध्ये तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने उत्तर दिलं, नाही. या व्यवहाराचा मुख्य लाभ विद्यार्थ्यांना होतो, त्यांना लायसन्ससाठी तास मिळतात, म्हणून ते विद्यार्थीच. म्हणजे एका खात्याच्या मते या शाळेने शिकवलंच नाही आणि कोर्टाच्या मते तिथल्या मुली शिकतच होत्या.

आता आपल्याकडे या.

मुंबई-अहमदाबाद हायवेवर महाराष्ट्र संपतो तिथे अच्छाड आहे. बाहेरच्यांना ते आरटीओच्या चेकपोस्टमुळे माहीत. पुढे भिलाड, मग वापी, म्हणजे गुजरात. 1960 पर्यंत इथे राज्याची रेघ नव्हती. उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यात होता. 1 मे 1960 ला त्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, राहिलेल्या गावांचा तलासरी महाल झाला. लोकांच्या सोयरिकी आणि बाजारहाट दोन्हीकडे राहिले. तलासरीच्या मुलीला काही शिकायचं तर एका बाजूला डहाणू-पालघर आणि दुसऱ्या बाजूला वापी. त्यात वापी जवळ.

या भागाला बिनपगारी कामासाठी एक जुना शब्द ठाऊक आहे, वेठ. जमीनदाराने हाक मारली की आपलं शेत सोडून जायचं, दिवसभर राबायचं, मजुरी मागायची नाही. लग्नासाठी कर्ज काढलं तर नवराबायको दोघं फिटेपर्यंत राबणार, त्याला लग्नगडी म्हणत. आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी 23 मे 1945 रोजी हजारो वारली जमले आणि शामराव व गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वेठ बंद करण्याचा ठराव झाला. गोदावरीबाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलं आहे.

ब्यूटी क्लासला वेठ म्हणणं हा आततायीपणा होईल. तिथे कुणी काठी घेऊन उभं नसतं, मुलगी स्वतःच्या पायाने जाते. पण ‘प्रॅक्टिस’ या शब्दाकडे जरा निरखून पाहा. पहिले काही दिवस थ्रेडिंग शिकवतात. मग मुलगी खालच्या पार्लरमध्ये उभी राहते. लग्नसराई असते, गिऱ्हाईक पूर्ण दर देऊन जातं, मुलगी वॅक्स तापवते, टॉवेल धुते, केर काढते. विचारलं तर उत्तर ठरलेलं, हात बसायला नको का? किटचे पैसे वेगळे, परीक्षेचे वेगळे, सर्टिफिकेटचे वेगळे. ब्रायडल मेकअप ‘अॅडव्हान्स’मध्ये, त्याची फी आणखी. शेवटी मिळतो तो जाड कागद, त्यावर ‘आंतरराष्ट्रीय’ असा शब्द आणि सोनेरी शिक्का. तो कागद कोण मानतं, हे मुलीला पहिल्या नोकरीच्या दारात कळतं.

आपल्याकडे हे काम शतकानुशतकं नाभिक समाजाकडे होतं. बाप मुलाला शिकवायचा, फी नव्हती. निवडही नव्हती, आणि मुलींचा तर प्रश्नच नव्हता. तरी या धंद्यातल्या माणसांनी ‘हे काम आम्ही करणार नाही’ असं म्हणून दाखवलं आहे. 1890 साली मुंबईत नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. नारायण मेघाजी लोखंडे आणि ‘दीनबंधू’ त्यांच्या पाठीशी होते. आपल्या कामाबद्दल नाही म्हणण्याची ताकद त्यांना एकजुटीतून मिळाली होती. सहा महिन्यांच्या बॅचमधल्या बारा मुली एकमेकींना ओळखेपर्यंत कोर्स संपतो.

कायदा काय म्हणतो? 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात करार नोंदवावा लागतो, कामाचे तास ठरतात, विद्यावेतन द्यावं लागतं. उमेदवार कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे, असं कलम 18 सांगतं. पण निदान पैसा मालकाकडून उमेदवाराकडे जातो. खासगी क्लासमध्ये तो उलट्या दिशेने वाहतो, कारण क्लास या कायद्याच्या चौकटीबाहेर राहतो. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, त्याचं प्रमाणपत्र देशभर चालतं आणि फी त्या मानाने किरकोळ. तरी रस्त्यावरचा फलक आधी दिसतो, ‘100 टक्के जॉब’ लिहिलेला.

फसलेल्या मुलीला ग्राहक म्हणून दाद मागता यावी असं कुणालाही वाटेल. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मान्यता नसताना प्रवेश देणाऱ्या बिहारमधल्या एका दंत महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना ग्राहक मानून भरपाई दिली होती. पण 20 जानेवारी 2020 ला राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मनू सोळंकी प्रकरणात वेगळी रेघ ओढली. शिक्षण देणाऱ्या संस्था, व्यावसायिक कोर्सवाल्यांसकट, ग्राहक कायद्याच्या बाहेर. कोचिंग क्लास मात्र आत. त्याच वर्षी जुलैत नवा ग्राहक कायदा लागू झाला. त्यात तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. अच्छाडच्या मुलीला वापीच्या दुकानाविरुद्ध पालघर जिल्ह्यात दाद मागायची सोय झाली. दुकानाने मिक्सर विकला असेल तर. कोर्स विकला असेल, तर आधी तो ‘शिक्षण’ होता की ‘कोचिंग’ यावरच वाद. आयोगाच्या निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे.

आणि समजा शाळा चांगली निघाली, मुलगी उत्तम शिकली, तर? चारू खुराना कॅलिफोर्नियात मेकअप शिकून आल्या. मुंबईत चित्रपटांच्या सेटवर काम करायचं तर मेकअप आर्टिस्ट आणि हेअरड्रेसरांच्या संघटनेचं कार्ड लागायचं. संघटनेचा नियम असा की मेकअप पुरुषांनी करायचा, बायकांनी फक्त केस. शिवाय महाराष्ट्रात पाच वर्षं वास्तव्य हवं. 10 नोव्हेंबर 2014 ला न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि उदय लळित यांच्या खंडपीठाने दोन्ही अटी घटनाबाह्य ठरवल्या. ज्या वर्षी मंगळयान मंगळाभोवती फिरू लागलं, त्याच वर्षापर्यंत मुंबईत बाईने नटीच्या गालाला रंग लावणं नियमात बसत नव्हतं.

वास्तव्याची ती अट टिकली असती तर अच्छाडची मुलगी पात्र ठरली असती आणि भिलाडमधली तिची मावसबहीण अपात्र. मेकअपच्या बाबतीत दोघीही अपात्रच.