धावत्या एंजिनाचा विसावा

मोटारींच्या शर्यतींचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणत्या सालीं कोणी ताशीं किती मैल गांठले, कोणत्या गाडीनें कोणत्या गाडीस मागें टाकलें, हें हौशी मंडळींस तोंडपाठ असतें. परंतु शर्यत संपल्याचें निशाण पडल्यावर त्याच गाड्या आणखी एक फेरी सावकाश कां घालतात, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. ही फेरी विजेत्यानें लोकांचें अभिवादन स्वीकारण्यासाठीं असते, असें प्रेक्षकांस वाटतें. तसा तिचा उपयोग होतो हें खरें. पण तिच्यामागें सव्वाशें वर्षांहून अधिक काळाची खटपट उभी आहे. पेटलेलें एंजिन थंड कसें ठेवावें हा त्या खटपटीतला पहिला प्रश्न, आणि धावून तापलेलें एंजिन थांबवावें कसें हा दुसरा. पहिल्याचें उत्तर लवकर सांपडलें. दुसरा प्रश्न मुळांत आहे, हें नीट उमगण्यासच बराच काळ जावा लागला.

पेट्रोलच्या एंजिनांत जळणाऱ्या इंधनाची सारी उष्णता गाडी ओढण्याच्या कामीं येत नाहीं. स्थूलमानानें तिचे तीन वांटे होतात. एक वांटा काम करतो, दुसरा जळलेल्या वायूबरोबर नळीवाटे बाहेर जातो, आणि तिसरा एंजिनाच्या धातूंत शिरतो. सिलिंडरांत इंधन पेटतें त्या क्षणीं आंतील वायूचें तापमान २००० अंश सेंटिग्रेडच्या वर जातें. ॲल्युमिनियम तर ६६० अंशांसच वितळतें. मग ज्या भांड्यांत हा अग्नि कोंडलेला असतो, तें भांडें टिकतें कसें? तो दाहक क्षण अत्यल्प असतो हें एक कारण. आणि भांड्याच्या भिंतींमागून पाणी व वंगण अखंड वाहत असतें, हें दुसरें. हा प्रवाह थांबला कीं एंजिनाचें आयुष्य धोक्यांत आलेंच.

कार्ल बेंझ यानें २९ जानेवारी १८८६ रोजीं आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटासाठीं अर्ज केला, तेव्हां हा प्रश्न त्यानें सर्वांत सोप्या रीतीनें सोडविला होता. सिलिंडराभोंवतीं पाणी ठेवावयाचें, तें तापून त्याची वाफ होऊन जाऊं द्यावयाची, आणि कमी पडेल तसें नवें पाणी ओतावयाचें. एंजिनाची शक्ति एका घोड्याच्या शक्तीहूनही कमी होती, म्हणून एवढ्यावर भागलें. १८८८ च्या ऑगस्टमध्यें बेंझची पत्नी बर्था दोन मुलांस घेऊन मानहाइमहून फोर्टसहाइमपर्यंत, म्हणजे सुमारें १०० किलोमीटर, मोटारीनें गेली. वाटेंत विसलोख येथें एका औषधाच्या दुकानांतून तिनें इंधन विकत घेतलें, ही गोष्ट पुष्कळदां सांगितली जाते. पण त्या प्रवासांत पाण्याची तहान इंधनाहून मोठी होती. जेथें पाणी दिसेल तेथें थांबून तें एंजिनास पाजावें लागत होतें. पाणी उकळून उडून जाई आणि उष्णता सोबत नेई. एंजिन वांचे, पण प्रवासी जखडला जाई.

शक्ति वाढूं लागली तशी ही रीत अपुरी पडली. १९०० च्या मार्च महिन्यांत फ्रान्समधील नीस शहराजवळ ला तुर्बी या चढावाच्या शर्यतींत डाइम्लर कंपनीच्या उंच व बोजड गाडीस अपघात होऊन तिचा चालक विल्हेल्म बाउअर मरण पावला. यानंतर एमिल येलिनेक या धनाढ्य व्यापाऱ्यानें कंपनीकडे अधिक बुटकी, रुंद आणि हलकी गाडी मागितली. विल्हेल्म मायबाख यानें ती बनविली, आणि येलिनेकच्या कन्येच्या नांवावरून तिला ‘मर्सिडीज’ हें नांव मिळालें. एंजिन ३५ अश्वशक्तीचें होतें. एवढ्या एंजिनास जुन्या पद्धतीनें थंड ठेवावयाचें तर पाण्याचा मोठा भार वाहावा लागला असता आणि गाडी पुन्हां जड झाली असती. मायबाखनें मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. केवळ सहा मिलिमीटर रुंदीच्या ८०७० चौकोनी नळ्या त्यानें एकत्र जोडल्या. नळ्यांतून वारा वाहे आणि नळ्यांमधील अरुंद फटींतून पाणी खेळे. मागें पंखा होता, त्यामुळें गाडी मंद चालली तरी वारा खुंटत नसे. पाणी फिरविण्यास पंप होता. इतकें झाल्यावर अवघें नऊ लिटर पाणी पुरूं लागलें. मार्च १९०१ मध्यें नीस येथील शर्यतींत या गाडीनें सर्वांस चकित केलें. लोकांनीं तिचा वेग पाहिला. त्या वेगाचें एक मर्म पुढच्या जाळींत होतें.

त्याच काळांत फ्रान्समध्यें लुई रेनो यानें निराळी वाट धरली होती. चुलीवरच्या हंड्यांत तळाचें पाणी तापलें कीं तें हलकें होऊन वर येतें आणि वरचें थंड पाणी खालीं जातें, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. याच न्यायानें एंजिनांतील ऊन पाणी आपोआप वर चढून रेडिएटरांत जातें आणि निवून खालीं परततें. त्यास पंप लागत नाहीं. रेनोच्या गाड्यांत रेडिएटर एंजिनाच्या मागें असे. जून १९०६ मध्यें ल मान्स येथें पहिली फ्रेंच ग्रां प्री शर्यत झाली. उन्हाच्या तापानें रस्त्यावरचें डांबर वितळून चालकांच्या डोळ्यांत उडत होतें. अशा दोन दिवसांत १२०० किलोमीटरांहून अधिक धावून फेरेंट्स सिस यानें रेनोच्या गाडीवर ती जिंकली. अमेरिकेंत फोर्डच्या प्रसिद्ध ‘टी’ गाडीस १९०८ मध्यें आरंभीं पंप होता. पण सुमारें अडीच हजार गाड्यांनंतर तो काढून हीच आपोआप फिरणाऱ्या पाण्याची योजना स्वीकारली गेली.

पुढें मात्र एंजिनें इतकीं बळकट झालीं कीं पाण्याची ही संथ चाल पुरेना, आणि पंपाचें राज्य सुरू झालें. परंतु पंपांत एक दोष दडलेला होता. पंप एंजिनावर चालतो. एंजिन थांबलें कीं पंपही थांबतो. गाडी उभी राहिली कीं समोरचा वाराही थांबतो. धातूंत सांठलेली उष्णता मात्र तेथेंच असते. तवा चुलीवरून उतरविला तरी त्यावरची भाकरी भाजतच राहते, तसाच हा प्रकार. म्हणून भरधाव आलेलें एंजिन एकाएकीं बंद केलें, तर त्यांतील पाण्याचें तापमान उतरण्याऐवजीं कांहीं काळ वर चढतें. सिलिंडराच्या माथ्याजवळ पाणी जागच्या जागीं उकळतें, आणि वाफेचा बुडबुडा जेथें अडकतो तेथें धातूस पाण्याचा स्पर्शच उरत नाहीं. धावतांना जें एंजिन सुरक्षित होतें, तें उभें राहून बिघडूं शकतें.

येथें उकळबिंदूचाही संबंध येतो. समुद्रकांठीं पाणी १०० अंशांस उकळतें, तर महाबळेश्वरच्या उंचीवर सुमारें ९५ अंशांसच. जुन्या मोटारी घाट चढतांना वाफ सोडीत, त्यास चढावाच्या श्रमाबरोबर हेंही एक कारण होतें. यावर उपाय म्हणून रेडिएटरास दाब धरून ठेवणारें झांकण आलें. वातावरणाहून दुप्पट दाब आंत राहिला तर पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. पण त्याबरोबर नवा धोकाही आला. तापलेल्या एंजिनाचें झांकण उघडलें कीं दाब एकदम सुटतो, सारें पाणी क्षणांत उसळतें आणि उघडणाऱ्याचें तोंड व हात भाजतात. तापल्या ओतीव लोखंडावर थंड पाणी ओतणेंही तितकेंच घातक. त्यानें धातूस चीर पडते.

वेगाच्या विक्रमांत तर याहून विलक्षण युक्ति योजली गेली. इंग्रज चालक जॉन कॉब याच्यासाठीं रीड रेल्टन यानें जी गाडी आंखली, तिला रेडिएटरच नव्हता. वाऱ्यास अडथळा नको म्हणून तिच्यांत बर्फ घातलेल्या पाण्याची टांकी होती. धांव कांहीं मिनिटांची. तेवढ्यांतली उष्णता बर्फानें गिळावी, एवढाच हिशेब. अमेरिकेंतील बॉनविल येथील मिठाच्या मैदानावर १६ सप्टेंबर १९४७ रोजीं कॉबनें दोन्ही दिशांची सरासरी धरून ताशीं ३९४ मैलांचा विक्रम केला.

दुसऱ्या प्रश्नास खरी धार आणली ती टर्बोचार्जरानें. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यानें १९०५ मध्यें त्याचें पेटंट घेतलें. एंजिनांतून वायां जाणाऱ्या तप्त वायूनें एक चक्र फिरवावयाचें आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्रानें एंजिनांत अधिक हवा कोंबावयाची, ही त्याची कल्पना. १९६२ मध्यें अमेरिकेंत ती विक्रीच्या मोटारींत आली. जुलै १९७७ मध्यें सिल्व्हरस्टोन येथें रेनो कंपनीनें टर्बोचार्जर असलेली पहिली फॉर्म्युला वन गाडी उतरविली; ती शर्यत तिला अर्ध्यांतच सोडावी लागली. पुढें ती इतक्या वेळां धूर ओकीत बंद पडे कीं इंग्रज मंडळी तिला ‘पिवळी चहादाणी’ म्हणूं लागलीं. पण १ जुलै १९७९ रोजीं दीजों येथें झां-पिएर जाबूई यानें त्याच पद्धतीच्या गाडीनें फ्रेंच ग्रां प्री जिंकली, आणि थट्टा करणारे स्वतःच टर्बोचार्जरांच्या मागें लागले.

या चक्राचा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेऊं शकतो, आणि त्याच्या एका टोकास ९०० अंशांच्या आसपास तापलेला वायु लागत असतो. दांड्यास सांवरतो तो केवळ तेलाचा पातळ थर. एंजिन एकदम बंद केलें तर तेल वाहणें थांबतें, उष्णता दांड्याच्या घरांत झिरपते, आणि अडकलेलें तेल जळून त्याचा कोळसा होतो. असें वारंवार झालें कीं तेलाची वाटच बुजते आणि पुढें केव्हां तरी दांडा कोरडा फिरून नष्ट होतो. म्हणूनच टर्बोचार्जराच्या आरंभीच्या गाड्यांच्या मालकांस, कसून चालविल्यावर एंजिन थोडा वेळ मंद चालूं देऊन मग बंद करावें, असें सांगितलें जाई. पुढें दांड्याच्या घराभोंवतीं पाणी खेळवूं लागले. तेथें एक मौजेची गोष्ट घडली. एंजिन बंद पडून पंप थांबला तरी, ऊन पाणी हलकें होऊन वर जातें आणि थंड पाणी त्याची जागा घेतें. नळ्यांची मांडणी तशी ठेवली कीं दांडा आपोआप निवतो. पंपानें हद्दपार केलेली हंड्यांतल्या पाण्याची ती जुनी रीत अशी मागल्या दारानें घरांत परतली. कांहीं गाड्यांत याच कामासाठीं विजेवर चालणारा स्वतंत्र पंपही असतो; गाडी बंद झाल्यावरही तो कांहीं मिनिटें चालत राहतो.

आतां त्या अखेरच्या सावकाश फेरीचा अर्थ उलगडतो. चालक वरच्या गियरांत, एंजिनाचे फेरे कमी ठेवून, ब्रेक शक्यतो न लावतां गाडी चालवितो. इंधन थोडें जळतें म्हणून नवी उष्णता थोडी. पण पाणी, तेल आणि वारा हे तिन्ही वाहत असतात म्हणून जुनी उष्णता निघून जाते. ब्रेकही त्याच वाऱ्यानें निवतात. नुसतें जागेवर उभें राहून एंजिन चालू ठेवण्यापेक्षां ही फेरी श्रेयस्कर, कारण उभ्या गाडीस वारा नाहीं. फॉर्म्युला वनच्या गाड्यांस तर स्वतःचा पंखाच नसतो. त्या उभ्या राहिल्या कीं सेवक बाहेरून पंखे आणून लावतात. गाडी जागेवर आल्यावर तापमानाचा कांटा स्थिर होईपर्यंत एंजिन मंद चालूं द्यावयाचें, मग बंद करावयाचें, झांकण उघडून आंतली ऊब बाहेर जाऊं द्यावयाची, आणि तापल्या चकत्यांवर हातब्रेक आवळावयाचा नाहीं, हा शर्यतीच्या मार्गावरील जाणत्यांचा शिरस्ता आहे.

घोडा दौडून आला कीं मोतद्दार त्यास लगेच बांधीत नाहीं. थोडा फिरवितो, घाम वाळूं देतो, मग पाणी दाखवितो. मोटारीच्या शक्तीचें माप घोड्यांत मोजणाऱ्या माणसानें घोड्याची ही काळजी मात्र नव्यानें शिकली, आणि त्या शिक्षणाचें मोल कित्येक एंजिनें गमावून दिलें. रेडिएटराच्या जाळीपासून टर्बोचार्जराच्या दांड्यापर्यंत ज्यांनीं ही विद्या उभी केली, त्यांचीं नांवें विजेत्यांच्या यादींत सहसा आढळत नाहींत. तथापि विजेता ज्या गाडींतून हात हालवीत जातो, ती गाडी पुढच्या शर्यतीस पुन्हां उभी राहते ती त्यांच्याच विद्येमुळें.